१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही कॉमोडोरचं स्क्रोलिंग धक्के खातंय, मदत हवी आहे

खुंटीवरची_जॉयस्टिक:
मंडळी, जरा अर्जंट आहे. जुन्या मॉनिटरवर कॉमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरचा उरिडियम हा गेम खेळताना स्क्रोलिंग अडखळायचं म्हणून खास १४४ हर्ट्झचा नवीन घेतला आणि यावरही अडखळतंय, वेगळ्या प्रकारे पण अडखळतंयच. बाकी माउस, ब्राउझर सगळं एकदम मस्त. सेटिंग सगळी हायेस्टवर आहेत. काय करू? रिटर्न करायची मुदत संपत आलीये.

मठ्ठामास्तर:
एम्युलेटर, म्हणजे कॉमोडोरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, कुठलं? विंडोज का लिनक्स? ग्राफिक्स कार्ड? केबल? काहीच लिहिलं नाहीये, आम्ही काय कुंडली मांडायची का?

खुंटीवरची_जॉयस्टिक:
विंडोज, आणि व्हाइस, दुसरं काय असणार. कार्ड चांगलं आहे, तो प्रश्नच नाही.

सांगलीवाला:
पाल आहे का एनटीएससी? म्हणजे युरोप-भारताकडचा ५० हर्ट्झचा टीव्ही सिग्नल का अमेरिकेकडचा ६० चा?

खुंटीवरची_जॉयस्टिक:
ते कुठे दिसतं? मी तिथे काहीच बदललेलं नाही.

सांगलीवाला:
म्हणजे पाल, व्हाइसमध्ये डिफॉल्ट तेच असतं. पालचा कॉमोडोर सेकंदाला साधारण ५०.१२ फ्रेम म्हणजे चित्रं काढतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर दर पाचातली एक फ्रेम दोनदा दिसते म्हणजे सेकंदाला दहा झटके, तुमचा जुना त्रास तो हाच. १४४ ला ५० ने भागलं की २.८८ येतात, म्हणून बऱ्याच फ्रेम तीनदा आणि मधूनच एखादी दोनदा, नवा त्रास हा. हायेस्ट नकोय, ५० च्या पटीतलं हवंय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० हर्ट्झ दिसतंय का बघा, दिसलं तर ते लावा आणि व्हाइसमध्ये व्हीसिंक चालू करा, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या ठेक्यावर निघतील.

मठ्ठामास्तर:
कशाला एवढा हिशोब, १२० लावा, १२० वर सगळं चालतं. मी स्वतः वर्षानुवर्षं तेच वापरतोय.

सांगलीवाला:
तुम्ही एनटीएससी गेम खेळत असाल. ५० ला १२० म्हणजे २.४, दोन-दोन-तीन-दोन-तीन असं चालणार.

मठ्ठामास्तर:
मग व्हाइसच एनटीएससीवर टाका, विषय संपला.

सांगलीवाला:
आणि गेम जवळजवळ वीस टक्के जोरात पळेल, गाण्याची चाल पण बदलेल. उरिडियम ब्रिटिश गेम आहे हो, पालसाठीच लिहिलेला.

जुना_बाजार:
एलसीडीवर हे कधीच नीट दिसणार नाही. भंगारवाल्याकडून जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही उचला, आपल्याकडचे सगळे पालच, ५० हर्ट्झ आयते मिळतात, आणि हलती चित्रं धुरकट पण होत नाहीत. माझ्याकडे दोन आहेत, एक माळ्यावर.

मठ्ठामास्तर:
आणि नवीन कार्डातून त्या टीव्हीला सिग्नल कसा देणार? त्यासाठी पण धागा काढायचा का?

नाना_डॉसवाले:
अवांतर होतंय पण डॉसबॉक्स एम्युलेटरमध्ये जुने डॉस गेम खेळताना मलाही असंच होतं. ते ७० हर्ट्झवर चालायचे ना, ३२० बाय २०० च्या मोडमध्ये? मग १४० बरं पडेल का?

सांगलीवाला:
हो नाना, बरोबर ७०.०९ च्या आसपास. १४० मिळत असेल तर उत्तम, पण वेगळा धागा काढा. जॉयस्टिकराव, १०० मिळालं का?

खुंटीवरची_जॉयस्टिक:
यादीत ६०, १२०, १४४ एवढेच आहेत. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक म्हणून काहीतरी आहे, ते बंद होतं.

सांगलीवाला:
अहो मग हे आधी सांगायचं ना!! ते चालू करा, कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येही करा, आणि गेम फुलस्क्रीन. फ्रीसिंकची रेंज ४८ हर्ट्झपासून असेल तर ५०.१२ त्यात बसतं, मॉनिटर फ्रेम येईल तसा चालतो, भागाकार नको नि काही नको.

खुंटीवरची_जॉयस्टिक:
केलं. स्क्रोलिंग जबरदस्त!! पण आता गडद भाग मधूनच लुकलुकतात. मॉनिटर खराब आहे का? परत करू का?

सांगलीवाला:
पॅनेल व्हीए (एलसीडीचा एक प्रकार) आहे का? रेंजच्या तळाशी व्हीए पॅनेलवर हे होतं, खराब नाहीये.

खुंटीवरची_जॉयस्टिक:
खोक्यावर व्हीए लिहिलंय.

सांगलीवाला:
मग फ्रीसिंक बंद, आणि कस्टम रेझोल्यूशन युटिलिटी नावाच्या सॉफ्टवेअरने स्वतः १०० हर्ट्झ बनवा, फुकट आहे. व्हीसिंक विसरू नका, त्याने व्हाइस पाव टक्का हळू पळेल, कानाला कळणार नाही. व्हीसिंक नसेल तर साधारण दर आठ सेकंदांनी एक फ्रेम गळते, ती मात्र डोळ्याला दिसते.

मठ्ठामास्तर:
१२० ने भागलं असतं.

खुंटीवरची_जॉयस्टिक:
बनवलं, १०० लागलं, लुकलुक गेली. आता फक्त बटण दाबल्यावर गोळी जरा उशिरा सुटते, त्याचं काय?

जुना_बाजार:
टीव्ही घ्या.