मदत हवी आहे: माळ्यावर डॉर्मर काढून खोली करण्याविषयी

नमस्कार. आमच्या घराच्या उतरत्या छपराखालचा माळा आजवर केवळ सामानासाठी वापरला जातो. आता मागच्या पाख्यातून डॉर्मर, म्हणजे छपराबाहेर काढलेली उभ्या भिंतींची खिडकी, बांधून तेथे राहण्याजोगी खोली करावी असा विचार आहे.

आढ्याखाली सध्या २.४ मीटर उंची मिळते, परंतु नव्या जमिनीच्या तुळया आणि छपराच्या आतला उष्णतारोधक थर यांची जाडी वजा केल्यावर किमान २ मीटर उरेल का, ही माझी मुख्य शंका आहे. छपराला तयार कैच्या, म्हणजे छप्पर तोलून धरणाऱ्या त्रिकोणी चौकटी, असून त्यांच्या तिरप्या दांड्या नेमक्या मध्ये येतात. आधी पर्यायी आधार न देता त्या कापल्यास वासे वाकून छप्पर खचू शकते, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ही आकडेमोड मी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घेणार आहे. मात्र आराखडा आधी आर्किटेक्टकडून काढून घ्यावा की इंजिनिअरचा अभिप्राय आधी घ्यावा?

जिन्याबद्दलही सल्ला हवा आहे. खालच्या जिन्याच्या बरोबर वर नवा जिना घेतला तर जागा वाचते, पण तो आढ्याखाली न उघडता पाख्याच्या कमी उंचीच्या भागात उघडतो. अशा वेळी डॉर्मर जिन्यापर्यंत वाढवणे योग्य ठरेल का? शिवाय आग लागल्यास वरच्या मजल्यावरून सुरक्षित बाहेर पडता यावे, यासाठी कोणती तरतूद सुरुवातीच्या आराखड्यातच करावी लागते?

असे काम ज्यांनी करून घेतले आहे त्यांनी, विशेषतः डॉर्मर आणि जुने छप्पर यांच्या सांध्यातून होणाऱ्या गळतीबाबत, कृपया सविस्तर लिहावे.