लोडरची पिन झिजली, भोकही अंडाकृती झाले: उपाय काय?

प्रश्न: माझ्या ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरची बकेट उचलताना ‘खट्’ असा आवाज येतो. बकेट लोडरच्या आर्मला (उचलणाऱ्या हाताला) जोडणारी पिन काढली, तेव्हा तिच्यावर बोटाच्या नखाला लागेल इतकी खाच दिसली आणि आर्मचे भोकही अंडाकृती झालेले आढळले. पिनेवर वेल्डिंगची भर घालून ती लेथवर उतरवून घेतली तर चालेल का?

उत्तर १: तसे करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पिनेचे हार्डनिंग (तिला दिलेला कडकपणा) जाते आणि पुढे तिला तडा जाण्याचा धोका राहतो. नवी पिन घ्यावी. मात्र अंडाकृती भोकात ती अगदी अरुंद पट्ट्यावर टेकेल व लवकरच झिजेल, म्हणून भोक वेल्डिंगने भरून, दोन्ही बाजू एका रेषेत राहतील अशा रीतीने लाइन बोरिंग (भोक यंत्राने कोरून गोल करणे) करून त्यात बुश (पिनेभोवती बसणारी, बदलता येणारी नळी) बसवावा. बुश पिनेपेक्षा मऊ हवा, कारण बदलायला तोच सोपा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी आणि अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या जागेलगतच लावावा.

उत्तर २: पिनेची लॉकपट्टी शाबूत आहे का? ती तुटली की पिन आर्मच्या भोकातच फिरू लागते. काम करताना बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लीव्हर हलवून हायड्रॉलिक दाब सोडावा.

प्रश्नकर्ता: पट्टीचा बोल्ट खरोखरच तुटलेला निघाला, आणि ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचे तोंड) मातीने पार बुजले होते. आर्म बोरिंगला देत आहे.