होंडुरासला भिंत बांधून आलो. पुढच्या वर्षी जावं का?

नगरकर_डॅलस
जुलैत आमच्या चर्चची टीम मध्य अमेरिकेतल्या होंडुरासला जाऊन आली. चौदा जण, आठ दिवस, माणशी १,८०० डॉलर. सान पेद्रो सुलाला उतरून पुढे चार तास घाटरस्ता, शेवटचा तास पिकअपच्या मागे उभं राहून. कॉफीच्या मळ्यांतलं गाव. शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. मी नगरचा, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, पण हातात थापी कधी धरलेली नाही. (पेशा: सॉफ्टवेअर. हसा.)

पहिल्या दिवशी वाळू-सिमेंटचं आळं करून मधे पाणी ओतलं आणि माल जमिनीवरच कालवला. दुपारपर्यंत तळहाताला फोड. ब्लॉकचे तीन थर चढवले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली म्हणून साइटवर गेलो, तर गावचा गवंडी ओळंबा लावून आमचा कोपरा तपासत होता. वरचे दोन थर त्यानं उतरवले होते. ब्लॉक खरवडून पुन्हा लावत होता. मला बघून ओशाळला. मी नाही, तो ओशाळला. हे डोक्यातून जात नाही.

तर पुढच्या वर्षी जावं, की २५,२०० डॉलर पाठवून मोकळं व्हावं?

वाळूचाळणी
पैसे पाठवा, यात चर्चा कसली? १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्येच हा हिशोब झालाय. कर्ट व्हर बीक नावाचे समाजशास्त्रज्ञ, स्वतः ख्रिस्ती कॉलेजात शिकवणारे. परदेशी तुकड्यांनी बांधलेली आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थेनं बांधलेली, अशा दोन्ही घरांत जाऊन त्यांनी विचारपूस केली. स्थानिकांचं घर साधारण २,००० डॉलरमध्ये उभं राहायचं. बाहेरून आलेल्या एका तुकडीचा खर्च विमानासकट ३०,००० च्या घरात. आणि घर कुणी बांधलं यावरून राहणाऱ्यांच्या आयुष्यात म्हणावा असा फरक दिसला नाही.

तुमच्या गवंड्याला हजेरीचे पैसे मिळाले का, ते आधी सांगा.

नगरकर_डॅलस
मिळाले. त्याला आणि दोन बिगाऱ्यांना.

सांजवात
वाळूचाळणी, 'पैसे पाठवा' म्हणायला काय जातं? मी आमच्या चर्चची वर्गणी सांभाळते. नातू स्वतः जातोय म्हटलं की आजी, शेजारी, ऑफिसातले लोक शंभर-शंभर काढतात. नुसतं 'होंडुरासच्या शाळेसाठी' म्हटलं की माना खाली. जाणं बंद झालं तर ते २५,२०० येणारच नाहीत.

आणि आपल्याकडे काय वेगळं होतं? चंद्रपूरकडच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मी मे महिन्यात कुदळ मारलीय. आम्हा पुण्याच्या पोरींपेक्षा तिथला एकेक माणूस दुप्पट काम करायचा. तरी बाबा आमट्यांनी बोलावलंच ना?

वाळूचाळणी
सांजवातताई, ती छावणी तुम्हाला घडवायला होती. नावातच 'संस्कार' आहे, लपवाछपवी नाही. इथे वर्गणी गावाच्या भल्याच्या नावानं. 'माझ्यावर संस्कार व्हावेत म्हणून १,८०० द्या' असं सांगून बघा, आजी किती काढते ते.

सांजवात
आजी तरीही काढेल. तुम्हाला आज्या माहीत नाहीत.

रोखठोक_७२
मूळ मुद्दा सगळेच टाळताय. बांधकाम हे निमित्त. धर्मांतराचं काय?

नगरकर_डॅलस
दादा, त्या गावात आधीपासून दोन चर्च आहेत, एक कॅथलिक, एक पेंटेकोस्टल. रविवारी आम्हीच मागच्या बाकावर बसलो होतो, स्पॅनिशचा गंध नसल्यानं कधी उभं राहायचं हेही शेजारच्याकडे बघून. संध्याकाळी दुभाषा घेऊन मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या, ते नाकारत नाही. मुलं गोष्टीपेक्षा खडूच्या रंगांसाठी यायची.

रोखठोक_७२
म्हणजे होतंच की.

उमरगेकर
मी दुसऱ्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची. नंतर शहरातून लोक येत राहिले. त्यांनी काय बांधलं ते मला आठवत नाही. एक बाई रोज संध्याकाळी आजीशेजारी नुसती बसायची, ती आठवते. तेव्हा 'येऊच नका' असं मी म्हणणार नाही.

पण हेही आठवतं, की पाहुणे आले की आईच्या हापशावर चार खेपा वाढायच्या. नगरकरदादा, तुम्हा चौदा जणांचा स्वयंपाक कोण करत होतं?

नगरकर_डॅलस
गावातल्या तिघी. पहाटे चारला चूल पेटायची. मैद्याच्या पोळीत घोटलेला राजमा, त्याला बालेआदा म्हणतात. आम्ही जेवणाचेही फोटो काढले.

तुमचा प्रश्न वाचून पास्टरना फोन केला. हजेरी फक्त साइटवरच्यांना दिली होती. बायकांनी 'सेवा म्हणून' केलं म्हणे. त्यांना कुणी विचारलं होतं का, म्हटलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, 'विचारतो.'

पुढच्या वर्षी सहाच जण जावेत, वाचलेल्या पैशात गावचे गवंडी आणि या तिघींची हजेरी बसवावी, असं मी शनिवारच्या मीटिंगला मांडणार आहे.

वाळूचाळणी
सहा तरी कशाला?

सांजवात
आणि चौदातले कुठले आठ गळणार, ते त्यांच्या आज्यांना तुम्हीच सांगा.