एका ईएसपी ३२ वर २८ व्हॉल्व्ह: मॉड्यूल वाढवले की सगळं हँग होतं, सल्ला हवा

मळेवाला_निफाड
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची ११ एकर द्राक्षबाग आहे, मी राहतो नाशिकला. थ्री-फेज लाइट रात्रीची आली की वडील बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला बागेत जातात. आमच्याकडे बिबट्या फिरतो, त्यामुळे घरात कोणाला झोप लागत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आत हे काम मला संपवायचंच आहे.

२४ व्होल्ट एसीचे २८ सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत, शिवाय वॉटर मीटर, प्रेशर स्विच आणि मोटर स्टार्टर. ईएसपी ३२ (छोटा वायफाय कंट्रोलर बोर्ड) ला पिना वाढवायला पीसीएफ ८५७४ चिपची मॉड्यूल जोडत गेलो. तीनपर्यंत मस्त चाललं. चौथं-पाचवं लावलं की कधी रिले आपोआप उडतात, कधी कंट्रोलर हँग होतो. पत्ते वेगवेगळेच दिलेत, दोनदा तपासले. मोठा कंट्रोलर घेऊ की सरळ पीएलसी, म्हणजे कारखान्यात वापरतात तो कंट्रोलर?

सातपूरकर
आधी तीन गोष्टी सांगा. चौथं आणि पाचवं मॉड्यूल किती लांब आहे? प्रत्येक मॉड्यूलवर पुल-अप (सिग्नलची लाइन वर ओढून धरणारे) रेझिस्टर आहेत का? आणि रिलेंना ५ व्होल्ट कुठून देताय?

मळेवाला_निफाड
पहिली तीन पंपघरातल्या पेटीत आहेत. उरलेली दोन बागेत, कॅट-६ केबलने साधारण ४० मीटरवर. पुल-अप सगळ्यांवर ४.७ किलोओहमचे. रिलेंना ईएसपीच्या बोर्डावरूनच.

अंबड_पॅनलवाला
दादा, कंट्रोलर बदलू नका, तो बिचारा बरोबर आहे. चूक वायरिंगमध्ये आहे, आणि एक नाही, तीन आहेत.

तुमची मॉड्यूल ईएसपीशी आय-टू-सीवर बोलतात, आणि आय-टू-सी ही एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलायची भाषा आहे. तिच्या वायरींवर सगळी मिळून ४०० पिकोफॅरड कपॅसिटन्स चालते. कॅट-६ ची जोडी मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड खाते, म्हणजे तुमची ४० मीटर केबल एकटीच २००० वर गेली. सिग्नल वर चढायच्या आत क्लॉकचा पुढचा ठोका येऊन जातो. स्पीड कमी करून थोडं सुधारेल, पण त्या भरवशावर बाग ठेवू नका.

दुसरं, पाच मॉड्यूलचे पुल-अप समांतर जोडले जातात. ४.७ किलोओहमचे पाच मिळून ९४० ओहम. लाइन खाली ओढायला चिपला सुमारे ३ मिलिअँपची हमी असते, ३.३ व्होल्टला तुम्ही त्या हद्दीच्या काठावर उभे आहात. एकाच मॉड्यूलवरचे पुल-अप ठेवा, बाकीच्यांचे काढून टाका. आणि ते ३.३ व्होल्टलाच ओढलेले हवेत, ईएसपीच्या पिनांना ५ व्होल्ट देऊ नका.

तिसरं पॉवरचं. साध्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपच्या आसपास घेते. दहा ओढले की ७०० झाले. रिलेंना वेगळा सप्लाय द्या.

तुम्हाला पुढे विचारावंसं वाटेल म्हणून पत्त्यांचंही सांगतो. पीसीएफ ८५७४ ला हेक्स (सोळाच्या पद्धतीतले आकडे) २० ते २७ असे आठ पत्ते मिळतात, ‘ए’ लावलेल्या चिपला ३८ ते ३F, म्हणजे दोन्ही मिळून १६ चिपा आणि १२८ पिना. एमसीपी २३०१७ या दुसऱ्या पिना वाढवणाऱ्या चिपमध्ये एका चिपला १६ पिना असतात, पण तिचे पत्तेही २० ते २७ च, तेव्हा दोन्ही एकत्र लावलीत तर टक्कर होऊ देऊ नका. त्याहून जास्त लागलं तर टीसीए ९५४८ए ही चिप लावून आय-टू-सीच्या आठ फांद्या करता येतात. पण हे सगळं एका पेटीच्या आतलं.

पेटीबाहेर आरएस ४८५, म्हणजे लांबच्या अंतरासाठीची वायरिंग पद्धत. तिच्यावर मॉडबस या भाषेत बोलणारे आठ-आठ रिलेचे तयार बोर्ड मिळतात. बागेत चार पेट्या करा, प्रत्येकीत सात व्हॉल्व्ह. कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत आणि एका लाइनवर ३२ युनिट लोड, म्हणजे साधारण तितकी साधी उपकरणं चालतात. तुम्हाला ९६०० बॉडचा स्पीड पुरे. वायर मात्र एका पेटीतून दुसरीत अशी ओळीने न्यायची, पंपघरापासून चार दिशांना फांद्या फोडायच्या नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, मधल्या पेट्यांत नाही. ए आणि बी या सिग्नलच्या दोन तारांसोबत कॉमनची तार हवीच. मोटरच्या केबलबरोबर एका पाइपात घालू नका.

इन्स्ट्रुमेंटेशन_ताई
पीएलसीबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. तिथेही ‘लावा बाजूला मॉड्यूल’ इतकं सोपं नसतं. उदाहरणार्थ सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेत १२११सी ला उजवीकडे एकही सिग्नल मॉड्यूल (पिना वाढवणारं) लागत नाही, १२१२सी ला दोन, १२१४सी ला आठ. स्वस्त सीपीयू आधी घेतला की पुढे अडकायला होतं. शिवाय आतल्या ५ व्होल्ट बसचा करंट आणि रिले कॉइलचा २४ व्होल्टचा करंट, दोन्हींची बेरीज खरेदीच्या आधी करायची. मी तुमच्या जागी असते तर ईएसपी ठेवून आरएस ४८५ वरच गेले असते. उद्या पीएलसी घेतलात तरी त्याच मॉडबस पेट्या कामी येतील.

एक मात्र करा: कंट्रोलरशी ठरावीक वेळ बोलणं झालं नाही तर स्टार्टर आपोआप बंद पडेल अशी व्यवस्था ठेवा. प्रेशर स्विच स्टार्टरच्या सर्किटमध्ये थेट जोडा, प्रोग्रामवर सोडू नका.

दिंडोरीकर
आमच्याकडे तीन हंगाम असंच चाललंय, म्हणून प्रोग्रामबद्दल एकच सांगतो. आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडा, काही सेकंद थांबा, मग मागचा बंद करा. आम्ही उलटं केलं होतं, मेन लाइनचा जॉइंट पहाटे तीनला फुटला. वळवाच्या पावसाआधी अर्थिंग आणि प्रत्येक पेटीत सर्ज प्रोटेक्शन करून घ्या. विजेने लांबच्या वायरी आधी जातात.

मळेवाला_निफाड
बारा दिवसांनी लिहितोय. ४० मीटरची कॅट-६ काढली, चारही पुल-अप उतरवले, रिलेंना वेगळा सप्लाय दिला. पंपघरातली पेटी तेव्हापासून एकदाही हँग नाही. एम.जी. रोडवरून ४८५ चं मॉड्यूल आणलं, बागेतली पहिली पेटी परवा लावली. काल रात्री सात व्हॉल्व्ह मी नाशिकहून फिरवले आणि वडील घरात झोपले होते.

पॅनलवाले दादा, उरलेल्या तीन पेट्यांसाठी केबल घेतोय. शील्ड, म्हणजे केबलवरची धातूची जाळी, दोन्ही टोकांना अर्थ करायची की एकाच?

अंबड_पॅनलवाला
एकाच. पंपघराच्या बाजूला.