मदत हवी आहे: ३४० वायरलेस इंटरनेट कनेक्शनचा हिशेब जुळेल का?

नागपूरजवळ वाडी, आठवा मैल आणि हिंगण्याच्या कडेला ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर घरोघरी इंटरनेट देणारा माझा छोटा सेटअप आहे. ३४० ग्राहक, जीएसटी सोडून सरासरी ५०० रुपये, म्हणजे महिन्याला १,७०,००० जमा. खर्च असा: १ जीबीपीएस बँडविड्थ ६२,०००, अँटेना लावलेल्या चार गच्च्यांचं भाडं २०,०००, वीज-बॅटरी १४,०००, तीन पोरांचा पगार ४५,०००. उरले २९,०००, आणि कर्जाचा हप्ता ३८,०००! परवाना शुल्क त्याच्या वर, वेगळंच.

खरी गळती इथे आहे: जिओ-एअरटेलचं एअरफायबर (५जी वरून मिळणारं घरगुती वायरलेस इंटरनेट) आल्यापासून महिन्याला १४ ग्राहक जातात, ६ येतात. म्हणजे दर महिन्याला जमा ४,००० नं घटते. येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ४,५०० चा रेडिओ (सिग्नल पकडणारा अँटेना-संच) लावायचा, तो वसूल व्हायलाच नऊ महिने.

त्यात आठव्या मैलाची ४ किमीची वायरलेस लिंक. मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधला सिग्नलसाठी मोकळा लागणारा पट्टा) त्रिज्या ७ मीटर होते आणि कडुनिंब नेमका तिथेच वाढलाय. पावसाळ्यात ओल्या पानांनी सिग्नल पडतो, तक्रारी संध्याकाळी आठला. मास्ट (अँटेनाचा खांब) ३ मीटर उंच केला तर भागेल, असं वाटतं.

विचार असा: वाडीतले दाट वस्तीतले ९० ग्राहक १:१६ स्प्लिटरच्या (एका फायबरचे सोळा फाटे करणारा) जीपॉनवर, म्हणजे घरापर्यंतच्या फायबरवर घ्यायचे, सुटलेले रेडिओ हिंगण्याकडे वापरायचे. फायबर टाकायच्या खांबांच्या भाड्यासकट हे परवडतं का? की आधी बँकेकडून हप्ता लांबवून घ्यावा? ज्यांनी असं अर्धं नेटवर्क फायबरवर नेलंय, त्यांनी प्रति घर खर्च सांगा.