ऑनबोर्डिंगचे सगळे प्रोजेक्ट ‘चालू’च दिसतात, स्टेटस कसं ठेवावं?

प्रश्न
आमच्या ऑनबोर्डिंग (नव्या ग्राहकाला सिस्टिम सुरू करून देणं) सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टला एकच स्टेटस फील्ड आहे: नवीन, चालू, थांबलेला, पूर्ण. ज्याचं डेटा मायग्रेशन (जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवणं) आत्ता सुरू झालंय तो ग्राहक आणि ज्याचं गो-लाइव्ह (प्रत्यक्ष वापर सुरू होणं) आठवड्यावर आलंय तो, दोघंही ‘चालू’. आणखी स्टेटस वाढवावेत का?

उत्तर १
वाढवू नका, फील्ड दोन करा. टप्पा: किकऑफ, कॉन्फिगरेशन, डेटा मायग्रेशन, यूएटी (ग्राहकाने करायची स्वीकृती चाचणी), गो-लाइव्ह, सपोर्टकडे हस्तांतर. स्थिती: वेळेत, धोक्यात, थांबलेला, रद्द. दोन्ही एकाच यादीत कोंबलं, तर ‘थांबलेला’ निवडताक्षणी तो कुठे थांबला ही माहितीच पुसली जाते.

उत्तर २
सहमत. शिवाय प्रत्येक टप्पा कधी संपला म्हणायचा, याची अट लिहून ठेवा. यूएटी संपलं म्हणजे ग्राहकाची लेखी मंजुरी आली. ‘जवळजवळ झालंय’ धरायचं नाही. टप्पा बदलल्याची तारीख ऑटोमेशनने वेगळ्या फील्डमध्ये नोंदवा, नाहीतर मायग्रेशनला किती दिवस गेले हे नंतर काढणं अवघड जातं.

उत्तर ३
‘थांबलेला’ निवडल्यावर कारण सक्तीचं करा: ग्राहकाकडे, आपल्याकडे की तिसऱ्या पक्षाकडे अडकलंय. सोबत पुढच्या फॉलोअपची तारीख.

सगळ्यात महत्त्वाचं, मूळ गो-लाइव्ह तारीख लॉक करा आणि सुधारित तारीख वेगळी ठेवा. एकच तारीख असली की ती पुढे ढकलताच रखडलेला प्रोजेक्ट पुन्हा ‘वेळेत’ दिसतो. टास्कच्या टक्केवारीवरूनही स्थिती ठरवू नका. ९० टक्के टास्क झाले तरी उरलेलं एसएसओ (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) गो-लाइव्ह अडवू शकतं.