विषय: बेटावरची सहल – एकच केबिन बॅग न्यायची तर सनस्क्रीन कसे पुरणार?

प्रेषक: खजिनदार

सप्रेम नमस्कार,

प्रत्येकाने एकच केबिन बॅग आणावी, असे सहल समितीने कळवले आहे. मला त्यात एक अडचण दिसते, आणि ती आजच सुटायला हवी, कारण तिकिटावर चेक-इनचे सामान वाढवायची मुदत उद्या दुपारी संपते. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. पोहण्याच्या कपड्यांत असलेल्या प्रौढ माणसाला सर्व अंगाला एकदा नीट सनस्क्रीन लावायला साधारण ३० मिलिलिटर लागते, आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, ते पुन्हा लावावे लागते. दिवसातून तीनदा लावले तरी एक ट्यूब एका माणसाला एका दिवसातच संपते. आमच्या घरातले चौघे आणि सहा दिवस धरले तर चोवीस ट्यूब होतात. त्या कोणत्या बॅगेत बसवायच्या?

प्रेषक: सहल समिती

खजिनदारसाहेब, केबिन बॅगेचा निर्णय घाईने घेतलेला नाही. मागच्या सहलीत दोन कुटुंबांच्या बॅगा दुसऱ्या विमानात चढल्याच नाहीत आणि लहान मुलांना दीड दिवस त्याच कपड्यांत राहावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. या वेळीही दोन विमानांमध्ये जेमतेम सव्वा तास आहे. सनस्क्रीन तिथे पोहोचल्यावर विकत घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

प्रेषक: सामानाच्या यादीची जबाबदारी असलेली सदस्या

गेल्या तीन सहलींची यादी मी केली आहे, तेव्हा यादीत बदल करण्यापूर्वी मला विचारले असते तर बरे झाले असते. तिथे विकत घेण्याला माझा विरोध आहे. कोणती रसायने चालतात, हे ठिकाणागणिक बदलते. प्रवाळांना धोका असल्यामुळे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईमध्ये १ जानेवारी २०२१पासून बंद आहे, आणि पलाऊमध्ये त्याच्या एक वर्ष आधीच अशी बंदी आली. शिवाय माझ्या धाकट्या मुलाच्या त्वचेला नवे मलम सोसत नाही. जे लावायचे ते महिनाभर आधी घरी लावून पाहिलेले असावे.

एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. तपासणीत आतला ऐवज पाहत नाहीत, बाटलीवर छापलेला आकडा पाहतात. माझी २०० मिलिलिटरची ट्यूब तळाशी गुंडाळून चपटी झाली होती, तिच्यात फार तर चार बोटे मलम उरले असेल, तरीही ती काढून घेतली गेली. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे हा नियम सैल झाला आहे, परंतु परतीच्या विमानतळावर तो सैल असेलच असे नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष

ताई, ट्यूबचा मुद्दा पटला, पण डास प्रतिबंधक द्रव कुठे गेला? तोही केबिन बॅगेतल्या द्रवांच्या त्याच एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत जाणार. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसाउजेडी चावतो, त्यामुळे मच्छरदाणी आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आधी सनस्क्रीन लावावे, ते अंगात मुरू द्यावे आणि मगच डासांचे औषध लावावे. दोन्ही एकत्र असलेले मलम घेऊ नये, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लागते आणि औषध इतक्या वेळा लावायचे नसते. डीट हे रसायन असलेले डासांचे औषध प्लॅस्टिकला खाते, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या घड्याळाची प्लॅस्टिकची काच औषध लावलेल्या हातावर दोन दिवसांत दुधाळ झाली, आकडे दिसेनासे झाले आणि पट्ट्याचा रंग मनगटाला लागला. पिकारिडिन या डासांवरच्या दुसऱ्या औषधामुळे असे होत नाही. तेव्हापासून मी तेच वापरतो.

प्रेषक: सहल समिती

काका, मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही लिहावे काय?

प्रेषक: आपल्या डॉक्टरताई

ते मी लिहिते. गोळी कोणती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे, पण डॉक्सिसायक्लिन दिली गेली तर त्या औषधाने त्वचा उन्हाला फार लवकर भाजते, हे आधीच माहीत असू द्यावे. ती घरी परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. मध्येच सोडू नये. सगळी औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, स्वतःजवळच ठेवावीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो मागे पडला आहे. सनस्क्रीनवरचा भार कपड्यांवर टाकावा. पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा आणि गुडघ्यापर्यंतची विजार घातली तर चेहरा, मान, हात आणि पोटऱ्या-पावले एवढेच उघडे राहते. सदऱ्यावर यूपीएफ ५० लिहिलेले असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत जातो. साधा पांढरा सुती टी-शर्ट मात्र भिजला की फारसा उपयोगाचा राहत नाही. माझ्या बहिणीची पाठ त्यातूनच भाजली होती आणि तिला दोन रात्री पालथे झोपावे लागले.

प्रेषक: खजिनदार

डॉक्टरताईंच्या सांगण्यावरून मी पुन्हा हिशेब केला. एका वेळी ३०ऐवजी १० मिलिलिटर धरले, तर चौघांना सहा दिवसांत ७२० मिलिलिटर लागते, म्हणजे माणशी दोन ट्यूब. त्या एक लिटरच्या पिशवीत बसतात आणि शेजारी डासांच्या औषधालाही जागा उरते. चेहऱ्यासाठी घट्ट कांडी घेतली तर ती द्रवात मोजली जात नाही. हे सदरे सर्वांकडे असतील, तर चेक-इनच्या सामानाचा माझा आग्रह मी मागे घेतो.

प्रेषक: सामानाच्या यादीची जबाबदारी असलेली सदस्या

यादीत सदरे माणशी दोन असे लिहिते, कारण दमट हवेत एक रात्रीत वाळत नाही. आणखी एक: विमान भरलेले असले की केबिन बॅगही दारातच घेऊन खाली टाकतात. अशा वेळी पॉवर बँक आणि औषधे आधी काढून घ्यावी लागतील, म्हणून ती वरच्या कप्प्यात, वेगळ्या कापडी पिशवीत भरावीत. ज्यांच्याकडे सदरे नाहीत त्यांनी आज रात्री दहापर्यंत मला मापे कळवावीत.